देवाच्या दारात शेजारणीची पावती कशाला?

चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या माय-मावश्यांना, धान्य निवडता निवडता कान इकडे देणाऱ्या लेकी-सुनांना, आणि ओट्यावर बसून हळूच ऐकणाऱ्या दादा-भाऊंनाही माझा रामराम.

दरवेळी मी तुमच्याशी गटाच्या हप्त्याबद्दल, बँकेच्या कर्जाबद्दल, नाहीतर शेळीच्या विम्याबद्दल बोलते. आजचा विषय वेगळा आहे. आज आपण देवाला देण्याबद्दल बोलू. थोडा हिशोब येईल मध्ये, कारण गटाचं काम करणाऱ्या बाईची ती सवय जात नाही. पण बोलायचं आहे ते मनाबद्दल.

पाडवा जवळ आला. कारखान्यांचे पट्टे पडायला लागले. ऊसतोडीला गेलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आपल्या बीड जिल्ह्यात परत येतायत. पाच-सहा महिने कुलूप असलेल्या घरांची दारं उघडली. आता रामनवमी, हनुमान जयंतीच्या सुमाराला गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतील. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन नि महाप्रसाद. आपल्या गावाचं हे मोठं सुख आहे. सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत राहिलेली बाई स्वच्छ लुगडं नेसून मंडपात बसते, तेव्हा ती पुन्हा गावाची झालेली असते.

सप्ताह म्हटला की वर्गणी आली. उंबऱ्यामागे अमुक इतकी, असं गाव ठरवतं. त्याच्यावर मग कुणी एका दिवसाची पंगत घेतं, कुणी महाराजांची बिदागी उचलतं, कुणी मंडपाचा खर्च देतं. कीर्तन सुरू व्हायच्या आधी माईकवरून नावं पुकारली जातात. अमक्यांकडून पाच हजार एकशे एक. तमक्यांकडून एकवीसशे. अमुक मातोश्रींच्या स्मरणार्थ अकरा हजार. आणि मंडपात बसलेल्या आपल्या बायकांच्या मनात तिथेच दुसरा हिशोब सुरू होतो.

कुणी मनात म्हणते, जाऊबाईंचं नाव एवढं मोठं आलं, आता आमचं काय येणार? ती खाली बघते. दुसरी म्हणते, बरं झालं, आपलं सगळ्यांत जास्त आहे, ऐकू दे भावकीला. तिची मान ताठ होते. तिसरी म्हणते, दोन मजली घर, पोरगं नोकरीला, आणि दिले किती? पाचशे! तिघींच्या समोर विठ्ठलाची तसबीर आहे, वीणा वाजतोय, आणि तिघींपैकी एकीचंही लक्ष तिकडे नाही. पैसे देवाच्या नावानं दिले खरे, पण ते पोचले शेजारणीपर्यंत.

पुकारणं वाईट आहे, असं मी म्हणत नाही. गावाचा पैसा आहे, तो कुणाकुणाकडून आला हे चारचौघांत सांगितलेलं बरं असतं. त्यानं विश्वास राहतो. एखाद्याचं नाव ऐकून दुसऱ्यालाही द्यावंसं वाटतं. पण माईकवर आकडा आला की आपण त्याला आरसा समजतो, आणि त्यात स्वतःला बघत बसतो. अडचण तिथे आहे.

आमच्याकडच्या एका गटाची गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही. मासिक बैठक होती. एका ताईनं दहा हजारांचं कर्ज मागितलं. कारण लिहून दिलं, शेळी घ्यायची. गटातल्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण शेळी बांधायला तिच्या दारात जागाच नव्हती. खरी गोष्ट अशी, की तिच्या जावेनं सप्ताहातली एक पंगत घेतली होती, आणि हिलाही घ्यायची होती. गटात एक वयस्कर आत्या आहेत, अंगठा लावतात, पण बोलतात नेमकं. त्या म्हणाल्या, "का गं, पंगत कुणाला घालायलीस? देवाला का जावंला?"

सगळ्या हसल्या. ती ताई हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आत्या, लोक काय म्हणतील?"

मैत्रिणींनो, या चार शब्दांनी आपल्या जिल्ह्यात किती घरं कर्जात गेली असतील! आता तो हिशोब करू. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन धरलं, आणि दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडलं, तर दहा हजारांना दहा महिन्यांत अकराशे रुपये व्याज जातं. हे झालं गटाचं. तेच पैसे सावकाराकडून महिन्याला शेकडा पाचनं काढले आणि मुद्दल फेडता आलं नाही, तर दहा महिन्यांत पाच हजार रुपये नुसतं व्याज, आणि मुद्दल जिथल्या तिथे उभं. तिसरी वाट आपल्याला चांगली ठाऊक आहे, मुकादमाकडून जास्तीची उचल. ती फेडायला पुढच्या हंगामात नवरा-बायकोचा कोयता बांधला जातो. कधी पोरीची शाळा सुटते नि तीही सोबत जाते. एका पंगतीत किती मोळ्या, किती पहाटा जातात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. देवाला असं देणं आवडत असेल का? लेकराचं दप्तर गहाण ठेवून वाढलेला बुंदीचा लाडू पांडुरंगाच्या घशाखाली उतरेल का?

संत गाडगेबाबांनी हेच जन्मभर सांगितलं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेला हा माणूस १९५६ साली गेला. तोवर हातात खराटा, अंगावर चिंध्यांचं वस्त्र, जेवायला गाडगं. त्यांच्या शब्दावर लोकांनी पैसा दिला, त्यातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यातलं काही ठेवलं नाही. पण तेच बाबा कीर्तनात लोकांना बजावत असत, की कर्ज काढून सण करू नका, देवाच्या नावानं उधळपट्टी करू नका, आधी लेकरं शिकवा. ज्यानं देवाच्या नावानं एवढं उभं केलं, त्यानंच देण्याची ही मर्यादा सांगितली, म्हणून ती जास्त खरी वाटते.

आता सुदाम्याची गोष्ट आठवा. कीर्तनात शंभर वेळा ऐकली आहे आपण. बायकोनं शेजारपाजारून मूठ-मूठ मागून आणलेले पोहे फडक्यात बांधून दिले. घरातून निघाला तेव्हा सुदाम्याला त्या पोह्यांची लाज नव्हती. मित्राला भेटायला चाललोय, रिकाम्या हातानं कसं जायचं, एवढंच मनात होतं. लाज कुठे वाटली? द्वारकेत पोचल्यावर. सोन्याचा वाडा बघितला, वैभव बघितलं, आणि पुरचुंडी काखेत दाबून धरली. पोहे तेच, प्रेम तेच. फक्त नजर दुसऱ्याच्या वैभवावर गेली, आणि आणलेली वस्तू द्यायची सोडून तो लपवायला लागला. कृष्णानं ती ओढून घेतली म्हणून बरं. आपल्यातल्या किती जणी अशा पुरचुंड्या काखेतच घेऊन घरी परत जातात! "एवढंसं काय द्यायचं," म्हणून देतच नाहीत. तुलनेनं जास्त देणाऱ्यांना गर्व येतो हे आपल्याला दिसतं. कमी असणाऱ्यांचे हात ती बांधून टाकते, ते दिसत नाही.

दुसरी आठवण आपल्या शेजारच्या गंगाखेडची. परळीहून फार लांब नाही. तिथली जनाबाई. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी. तिच्याकडे देवाला द्यायला पैसा नव्हता, वेळसुद्धा स्वतःच्या मालकीचा नव्हता. तिच्याकडे होतं जातं, आणि जात्यावर बसून घेतलेलं नाव. तेच तिनं दिलं. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसला अशी आपली श्रद्धा आहे. नामदेवांसारखं कीर्तन मला जमत नाही, म्हणून ती गप्प बसली असती, तर तिच्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या असत्या का?

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगते. आपण सहज म्हणतो, "गरिबाचा एक रुपया श्रीमंताच्या हजारापेक्षा मोठा." ऐकायला गोड आहे. पण असं म्हणताना आपण तराजू खाली ठेवत नाही, फक्त पारडं बदलतो. रुक्मिणीच्या एका तुळशीच्या पानानं सत्यभामेचं सगळं सोनं हलकं ठरवलं, ही कथा आपल्याला आवडते, कारण आपण सगळ्या स्वतःला रुक्मिणी समजतो. समोरची ती सत्यभामा! ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्येही दोन छोटी नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट आहे. येशू म्हणाला, हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण जवळ होतं ते सगळं टाकलं. पण हे येशूनं सांगितलं, त्या बाईनं नाही. ती आली, टाकलं, आणि निघून गेली. कुणाचं मन किती मोठं ते तोलायचं काम देवाचं आहे. पाच हजार देणाऱ्या बाईचंही मन निर्मळ असू शकतं, आणि पाच रुपये देणारीच्या मनातही तोरा असू शकतो. आपण फक्त आपली पुरचुंडी बघावी.

मग किती द्यायचं? याचं माप शेजारणीकडे नाही, तर कुठे आहे?

माझ्या गटांमध्ये मुस्लिम बहिणीही आहेत. त्यांच्यात जकात असते. एका मर्यादेच्या वर ज्याची शिल्लक आहे, त्यानं त्या शिल्लकीवर वर्षाला अडीच टक्के गरिबांसाठी काढायचे. यातलं मला आवडतं ते हे, की माप स्वतःच्या घरातल्या शिल्लकीवर आहे. शेजाऱ्यानं किती दिले, हा प्रश्नच नाही. शिल्लकच नसेल तर जकात लागत नाही, आणि भरपूर असेल तर थोडक्यात सुटका नाही.

हे दुसरं टोकही बोलायला पाहिजे. तुलना करून आपण नेहमी जास्तच देतो असं नाही, पुष्कळदा कमी देतो. "सरपंचाच्या घरचेच हजार आले, मग आपण पाचशे दिले तरी पुष्कळ झाले." घरात कापूस विकून पैसा आलेला असतो, मनात द्यायचं असतं, पण दुसऱ्याचा आकडा बघून हात आखडतो. काही जणी "देव भावाचा भुकेला" म्हणून मोकळ्या होतात. देव भावाचा भुकेला आहे, खरंच आहे. पण भाव असला की हात आपोआप सैल होतो. लेकीच्या बाळंतपणाला आपण "भाव महत्त्वाचा" म्हणून डिंकाचे लाडू करायचे राहतो का? ज्याच्यावर जीव असतो, त्याच्यासाठी आपण जमेल तेवढं सगळं करतो, आणि दुसरीनं तिच्या लेकीला किती केलं ते विचारायला जात नाही.

देण्यासारखं पैशाशिवायही पुष्कळ आहे. सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायचा नसतो. रात्री दोन वाजता सगळं गाव झोपलेलं असतं, तेव्हा कुणीतरी तो गळ्यात घेऊन पहाऱ्याला उभा असतो. त्याचं नाव माईकवर येत नाही. आषाढी वारीला मुक्ताबाईंची पालखी बीडमधून जाते, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईकडून जाते. त्या वेळी रस्त्याच्या कडेला पिठलं-भाकरी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांना वारकरी नाव विचारत नाहीत, आणि त्याही सांगत नाहीत.

आणि भाकरीचं तर काय सांगू. ज्या गावांत सप्ताहाला आमटी-भाकरीची पंगत असते, तिथे आमटी मंडपात मोठ्या कढईत शिजते आणि भाकरी घरोघरून येतात. कुणी पाच आणते, कुणी पंचवीस. सगळ्या एका ठिकाणी, एका धोतरावर रचल्या जातात. मग वाढपी उचलतात आणि पानात टाकतात. कुणाच्या पानात कुणाची भाकरी गेली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पाटलाच्या पोरानं कुठल्या एकल बाईच्या घरची भाकरी खाल्ली, त्याला ठाऊक नाही, तिलाही ठाऊक नाही. मला वाटतं, पावतीपुस्तकापेक्षा ती भाकरीची थप्पी जास्त शहाणी आहे.

एकल बाईचा विषय निघालाच आहे, तर घेणाऱ्यांनाही एक सांगते. देणाऱ्यानं तुलना करू नये, तशी घेणाऱ्यानंही करू नये. नवरा गेलेल्या बाईनं ओटी आणली तर बाजूला ठेवायची, कलशाला तिला पुढे येऊ द्यायचं नाही, असं अजून काही ठिकाणी होतं. पंढरपूरला चोखोबांना देवळात येऊ दिलं नाही. त्यांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांच्या समाजाला विठ्ठलाच्या पायाशी जायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना त्या वर्षी मे महिन्यात उपोषण करावं लागलं. शेकडो वर्षं आपण कुणाचा भाव दारातच अडवून ठेवला होता. तेव्हा सप्ताहात कुणी काहीही घेऊन आलं, तर "आण माय" म्हणून दोन्ही हातांनी घ्या.

त्या गटातल्या ताईचं काय झालं, ते राहिलंच. बैठकीत दोन तास बोलणं झालं. गटानं ठरवलं, की कुणीही खोटं कारण लिहायचं नाही, आणि पंगत, वर्गणी, जागरण-गोंधळ यासाठी गटातून कर्ज द्यायचं नाही. तिनं घरातल्या साठवणीतले पाचशे एक दिले आणि सातही दिवस पहाटे काकड्याला जाऊन, नंतर भाकरी थापायला बसली. माईकवर जावेच्या पाच हजारांनंतर तिचे पाचशे एक पुकारले गेले. मी तिला विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाली, "वाटलं की. पहिल्या दिवशी लई वाटलं. मग भाकरी थापताना इसरून गेले." पावसाळ्यात तिनं गटातून कर्ज घेतलंच, पोरीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहून.

आता जाता जाता चार गोष्टी सांगते, जमतील तेवढ्या करा.

पहिली, वर्गणी मागायला माणसं दारात यायच्या आधीच नवरा-बायकोनं बसून आकडा ठरवा. दुसऱ्यांच्या पावत्या बघायच्या आधी. मग पावतीपुस्तकाचं मागचं पान उलटून बघायचा मोह होणार नाही.

दुसरी, घरात देवाचा एक डबा ठेवा. मजुरी आली, दूध विकलं, अंडी विकली, की त्यातले पाच-दहा रुपये त्यात टाका. वर्षभरात जे साठेल ते देवाचं. ते देताना कर्ज नाही, कुढणं नाही, आणि ते खरोखर तुमच्या घामाचं असतं.

तिसरी, आपल्या गावच्या सप्ताह कमिटीला विचारून बघा, की नावं पुकारताना आकडे न सांगता नुसती नावं घेता येतील का. आणि शेवटच्या दिवशी एकूण किती जमले, किती खर्च झाले, याचा हिशोब फळ्यावर लावता येईल का. गावाला हिशोब कळेल, आणि कुणाची मान खाली जाणार नाही.

चौथी, मंडपात बसल्यावर दुसरीचं नाव पुकारलं, की मनात एवढंच म्हणा, "बरं झालं, तिनं दिलं." बस्स. पुढचं वाक्य मनात येऊ देऊ नका. अवघड आहे, मला ठाऊक आहे. सवयीनं जमतं.

गटात आपण सगळ्या सारखे हप्ते भरतो, कारण तिथे सगळ्यांचा हक्क सारखा आहे आणि रजिस्टर माणसाला वाचायचं असतं. देवाकडे तसं रजिस्टर नाही. असलंच, तर त्यात तुमच्या नावासमोर शेजारणीचा रकाना नक्की नाही. महाशिवरात्रीला परळीला वैजनाथाच्या पिंडीवर हजारो बेलाची पानं पडतात. कुणी बेल विकत आणलेला असतो, कुणी बांधावरून तोडून. पिंडीवर पडल्यावर ते सगळं बेलाचंच पान.

या सप्ताहात भरपूर द्या, आनंदानं द्या, आणि घरातली चूल विझवून देऊ नका. भेटू पुढच्या आठवड्यात. तेव्हा मात्र शेळीच्या विम्याबद्दलच बोलणार आहे, वही-पेन घेऊन बसा.

रामकृष्ण हरी.